गिटार वाजविता न येणारा गिटारकार

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पाश्चात्त्य संगीताचा चेहरामोहरा ज्या मोजक्या वाद्यांनी बदलून टाकला, त्यांत टेलिकास्टर आणि स्ट्रॅटोकास्टर या दोन इलेक्ट्रिक गिटारींची नावे अग्रक्रमाने घ्यावी लागतात. या दोन्ही गिटारींचे जनक एकच, अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याचे लिओ फेंडर. मात्र या माणसाला गिटार वाजविता येत नव्हती. वाजविणे तर दूरच, तिच्या सहा तारा सुरांत लावणेही त्यांना जमत नसे. कारखान्यात नवा नमुना तयार झाला की तो वाजवून दाखविण्यासाठी ते एखाद्या वादकाला बोलावीत आणि स्वतः बाजूला उभे राहून एकाग्रतेने ऐकत. शिक्षणाने हिशेबनीस आणि पेशाने रेडिओ दुरुस्त करणारा हा माणूस वाद्यनिर्मितीच्या क्षेत्रात पूर्णपणे उपरा होता. कदाचित म्हणूनच, परंपरेत घडलेल्या कारागिराला जे सुचले नसते ते त्यांना सुचले.

आज एखादा हौशी वादक एका ठिकाणाहून गिटारचे लाकडी धड घेतो, दुसरीकडून मान मागवितो, तिसऱ्याकडून पिकअप आणि चौथ्याकडून खुंट्या आणतो आणि घरच्या टेबलावर स्वतःच्या पसंतीची गिटार जुळवितो. वेगवेगळ्या हातांनी, वेगवेगळ्या गावांत बनविलेले हे भाग एकमेकांत बिनचूक बसतात. हे साधते, कारण १९५० च्या सुमारास फुलर्टन या छोट्या गावात लिओ फेंडर यांनी काही निर्णय घेतले होते. वाद्य हे दुरुस्त करता आले पाहिजे आणि त्यासाठी ते सुटे करता आले पाहिजे, हा त्या निर्णयांचा गाभा होता. या निर्णयाने वादकाला स्वातंत्र्य दिले. ते घडविणाऱ्याच्या वाट्याला काय आले, ही कहाणी मात्र काहीशी वेगळी आहे.

क्लॅरेन्स लिओनिडास फेंडर यांचा जन्म १० ऑगस्ट १९०९ रोजी झाला. फुलर्टन आणि अॅनाहाइम या गावांच्या परिसरात त्यांच्या आई-वडिलांची संत्र्यांची बाग होती. आठव्या वर्षी आजारपणात लिओचा डावा डोळा गेला आणि त्या जागी काचेचा डोळा बसवावा लागला. तेरा-चौदा वर्षांचा असताना त्याच्या एका मामाने त्याला एक खोके पाठविले. मोटारींच्या विद्युत दुरुस्तीचे दुकान चालविणाऱ्या या मामाने त्यात रेडिओचे जुने, सुटे भाग आणि एक बॅटरी भरली होती. पुढे सांता मारिया येथील मामाच्या दुकानाला लिओने भेट दिली. तेथे सुट्या भागांतून जुळविलेला एक रेडिओ दुकानाच्या दर्शनी भागात ठेवलेला होता आणि त्याच्या कर्ण्यातून मोठ्या आवाजात संगीत बाहेर पडत होते. त्या आवाजाने मुलाच्या मनावर जो ठसा उमटविला, तो जन्मभर पुसला गेला नाही. घरी परतल्यावर त्याने रेडिओ उघडून पाहण्याचा आणि दुरुस्त करण्याचा सपाटा लावला.

तरीही हा छंद उपजीविका होईल, असे त्या काळी कोणाला वाटले नसावे. १९२८ मध्ये शालेय शिक्षण पूर्ण केल्यावर लिओ यांनी महाविद्यालयात लेखाशास्त्र हा विषय घेतला. बर्फाच्या कंपनीत माल पोहोचविण्याचे आणि नंतर हिशेब लिहिण्याचे काम त्यांनी केले. १९३४ मध्ये एस्थर क्लोस्की यांच्याशी त्यांचा विवाह झाला. महामार्ग खात्यातील हिशेबनिसाची नोकरी लागली, पण मंदीच्या काळातील फेररचनेत ती गेली. त्यानंतर टायर कंपनीत मिळालेली नोकरीही सहा महिन्यांतच संपुष्टात आली. हिशेबाच्या वह्यांनी दोनदा दगा दिल्यावर लिओ यांनी १९३८ मध्ये सहाशे डॉलर कर्जाऊ घेऊन फुलर्टनमध्ये रेडिओ दुरुस्तीचे दुकान थाटले. या दुकानात रेडिओ आणि ग्रामोफोनबरोबरच स्थानिक वादकांचे अॅम्प्लिफायरही दुरुस्तीला येऊ लागले.

दुरुस्तीच्या दुकानात बसणाऱ्या माणसाला वस्तूंची एक वेगळी बाजू दिसते. वस्तू नवी असताना किती देखणी होती याच्याशी त्याला देणेघेणे नसते. ती कोठे मोडते, का मोडते आणि मोडलेला भाग काढायला किती खटाटोप करावा लागतो, हे तो रोज पाहत असतो. रात्री नृत्यगृहात वाजविणाऱ्या वादकाचे अॅम्प्लिफायर सकाळी बिघडले तर ते संध्याकाळपर्यंत दुरुस्त व्हावे लागे, नाहीतर त्या दिवसाचे पैसे बुडत. लिओ यांची सारी विचारपद्धती या दुकानात घडली. पुढे त्यांनी जे जे बनविले, त्यात ते सहज उघडता येईल की नाही हा प्रश्न त्यांनी आधी विचारला.

त्या काळच्या गिटारवादकांची अडचण आवाजाची होती. पोकळ लाकडी पेटीची पारंपरिक गिटार मोठ्या वाद्यवृंदात ऐकूच येत नसे. यावर विजेचा उपाय निघाला होता. लोहचुंबकाभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे गुंडाळून तयार केलेला पिकअप गिटारच्या पोलादी तारांखाली बसवायचा, हे त्याचे तत्त्व. तार कंप पावली की चुंबकीय क्षेत्र हलते, वेढ्यांत सूक्ष्म विद्युतप्रवाह निर्माण होतो आणि अॅम्प्लिफायर तो वाढवून स्पीकरकडे देतो. तिसाव्या दशकात रिकनबॅकर आणि गिब्सन या कंपन्यांनी अशी वाद्ये बाजारात आणली. परंतु पोकळ गिटारला पिकअप बसविला की नवेच दुखणे सुरू होई. आपल्या तंबोऱ्याचा भोपळा जसा नाद धरतो, तशीच गिटारची पोकळ पेटीही धरते. स्पीकरमधून आलेला मोठा आवाज पेटीत शिरे, तिला पुन्हा कंप पावायला लावी आणि सारे सभागृह कर्णकर्कश शिट्टीने भरून जाई.

तार कंप पावणे पुरेसे असेल, तर पेटीची गरजच काय? हा प्रश्न लिओ यांच्याआधीही काहींना पडला होता. लेस पॉल या वादकाने भरीव लाकडाच्या ठोकळ्यावर प्रयोग केले होते आणि पॉल बिग्जबी यांनी १९४८ मध्ये मर्ल ट्रॅव्हिस या वादकासाठी भरीव गिटार बनविली होती. लिओ यांनीही डॉक कॉफमन या मित्राच्या साथीने १९४३ मध्ये एक ओबडधोबड भरीव गिटार तयार केली. मूळ हेतू केवळ पिकअपची चाचणी घेण्याचा होता. पण गावातील वादकांना तिचा स्वच्छ, लांबणारा स्वर इतका आवडला की ते ती भाड्याने नेऊ लागले. वादकांच्या या मागणीत लिओ यांना पुढची वाट दिसली.

काचेच्या डोळ्यामुळे लिओ यांना सैन्यात भरती व्हावे लागले नाही. १९४५ च्या सुमारास त्यांनी आणि कॉफमन यांनी मांडीवर आडवी ठेवून वाजविण्याच्या हवाई पद्धतीच्या गिटारी आणि अॅम्प्लिफायर विकायला सुरुवात केली. व्यवसाय वाढविण्यासाठी कर्ज काढण्याची कॉफमन यांना धास्ती वाटली आणि १९४६ मध्ये ते बाहेर पडले. मैत्री टिकली, भागीदारी संपली. लिओ यांनी स्वतःच्या नावाने कंपनी काढली. सुरुवातीची वर्षे ओढग्रस्तीची होती. एस्थर टेलिफोन कंपनीत नोकरी करीत आणि त्यांच्या पगाराचा संसाराला मोठा आधार होता. पत्र्याच्या दोन शेडमध्ये कारखाना चाले. १९४८ मध्ये जॉर्ज फुलर्टन हे यंत्रकामात तरबेज असलेले गिटारवादक त्यांना येऊन मिळाले आणि नव्या गिटारचे काम वेगाने सुरू झाले.

परंपरेने गिटारची मान धडाला सरसाने कायमची जोडली जाई. हा सांधा हे कारागिराच्या कौशल्याचे लक्षण मानले जाई. पण मान वाकली किंवा पडदे झिजले की सगळी गिटार कारागिराकडे पाठवावी लागे आणि वादक आठवडेच्या आठवडे हात बांधून बसे. लिओ यांनी सरसाचा सांधाच काढून टाकला. अॅश लाकडाच्या सुमारे पावणेदोन इंच जाडीच्या सपाट फळीचे धड, त्यात यंत्राने कोरलेला एक खाचा, त्या खाच्यात बसणारी मेपल लाकडाची मान आणि मागच्या बाजूने लोखंडी पट्टीतून घातलेले चार स्क्रू, असा हा सारा मामला होता. पडदे थेट मानेच्या लाकडातच ठोकलेले. आवाज आणि पोत कमी-जास्त करण्याची बटणे एका छोट्या धातूच्या पट्टीवर बसविलेली. दोन स्क्रू काढले की सारी जोडणी हाती येई. मान खराब झाली तर ती काढून नवी बसवायची, इतका सरळ हिशेब.

१९५० मध्ये ही गिटार प्रथम एस्क्वायर आणि नंतर दोन पिकअपच्या रूपात ब्रॉडकास्टर या नावाने बाजारात आली. प्रस्थापित उत्पादकांनी तिची यथेच्छ टिंगल केली. कोणाला त्या फळीत नावेचे वल्हे दिसले, तर कोणाला बर्फ उपसण्याचे फावडे. त्यातच लिओ यांची एक चूकही उघडी पडली. मेपलचे लाकूड पुरेसे कणखर असल्याने मानेत आधारासाठी लोखंडी सळई घालण्याची गरज नाही, असे त्यांचे मत होते. पण सुरुवातीच्या काही गिटारींच्या माना तारांच्या ताणाने वाकल्या. विक्रीची बाजू सांभाळणारे डॉन रँडल यांनी आग्रह धरला आणि लिओ यांनी माघार घेऊन मानेत सळई घातली. पुढे ब्रॉडकास्टर या नावालाही अडचण आली, कारण ग्रेच कंपनीचे ड्रम जवळजवळ त्याच नावाने विकले जात होते. १९५१ च्या प्रारंभी कारखान्यात गिटारच्या माथ्यावर चिकटविण्याच्या पट्ट्यांतून ते नाव सरळ कापून टाकण्यात आले. काही महिने गिटारी बिननावाच्याच बाहेर पडल्या. त्यानंतर दूरचित्रवाणीच्या नव्या युगाला साजेसे टेलिकास्टर हे नाव तिला मिळाले.

त्याच वर्षी लिओ यांनी खर्जाच्या वाद्याला हात घातला. माणसाहून उंच असा डबल बास मोटारीत मावत नसे आणि इलेक्ट्रिक गिटारच्या शेजारी तो ऐकूही येत नसे. लिओ यांनी तोच उपाय वापरून गिटारसारखा गळ्यात अडकविता येणारा भरीव बास बनविला. त्याच्या मानेवर पडदे असल्याने स्वर अचूक लागे, म्हणून त्याचे नाव प्रिसिजन बास असे ठेवण्यात आले. मोटाउन कंपनीच्या असंख्य गाण्यांत जेम्स जेमरसन यांनी वाजविलेला बास तो हाच. नृत्यसंगीताच्या तालाचा पाया या एका वाद्याने बदलला.

टेलिकास्टरवर समाधान मानून लिओ थांबले नाहीत. वादक कारखान्यात येत, तक्रारी सांगत आणि लिओ त्या मन लावून ऐकत. धडाच्या चौकोनी कडा बरगड्यांत रुततात, ही अशीच एक तक्रार. बिल कार्सन आणि रेक्स गॅलियन यांच्यासारखे वादक आणि १९५३ मध्ये कारखान्यात दाखल झालेले फ्रेडी टव्हारेस हे हवाई बेटांवरील कसबी वादक यांच्या साहाय्याने नव्या गिटारचा आराखडा तयार झाला. १९५४ मध्ये आलेली ही स्ट्रॅटोकास्टर. तिचे धड अंगाला टेकेल असे घासून गोलसर केलेले होते. तीन पिकअप होते. सहाही तारांच्या घोड्या स्वतंत्रपणे मागे-पुढे आणि वर-खाली करता येत. दांडी दाबून सगळ्या तारांचा स्वर एकदम हलविण्याची सोय होती. या यंत्रणेची पहिली रचना फसली होती. तिच्यासाठी तयार केलेली अवजारे टाकून देऊन लिओ यांनी स्प्रिंगवर तोललेली नवी रचना केली. तिन्ही पिकअप, बटणे आणि खटका हे सारे प्लॅस्टिकच्या एकाच तबकडीवर बसविलेले असल्याने ती तबकडी उचलली की गिटारचे सगळे विद्युत अंग बाहेर येई. रेडिओच्या दुकानातील शिकवण येथे पूर्णत्वाला पोहोचली.

कारखान्याची रीतही या विचाराशी सुसंगत होती. येथे एकच कारागीर एक गिटार अथपासून इतिपर्यंत घडवीत नसे. कोणी धडे कापी, कोणी माना घाशी, कोणी पडदे ठोकी. १९५६ मध्ये नोकरीला लागलेल्या अॅबिगेल इबारा यांच्यासारख्या स्त्रिया पिकअपचे वेढे गुंडाळीत. तयार झालेले भाग पेट्यांत साठत आणि जुळणी करणारा हाताला येईल ती मान आणि हाताला येईल ते धड घेऊन गिटार पुरी करी. मानेच्या टोकाला कामगार पेन्सिलीने तारीख लिहीत. जुन्या गिटारींचे संग्राहक आजही चार स्क्रू काढून ती तारीख वाचतात. पण ती तारीख मानेची असते, गिटारची नव्हे. धड एका महिन्याचे, मान दुसऱ्या महिन्याची आणि जुळणी तिसऱ्याच महिन्यातली, असे सर्रास आढळते. म्हणजे ज्यांना आज अस्सल आणि अस्पर्श म्हणून मोठी किंमत येते, त्या गिटारीही मुळात सुट्या भागांतूनच जुळविलेल्या होत्या.

लिओ यांना स्वतःला आवडे ते ग्रामीण बाजाचे कंट्री संगीत. त्यांच्या डोळ्यांसमोर वादक होते तेही त्याच पंथाचे. रॉक संगीताच्या झंझावाताची त्यांनी कल्पना केली नव्हती. परंतु बडी हॉली यांच्या हातात स्ट्रॅटोकास्टर दिसली आणि तरुणांना तिचे वेड लागले. साठच्या दशकात जिमी हेंड्रिक्स या डावखुऱ्या वादकाने उजव्या हाताची स्ट्रॅटोकास्टर उलटी धरून, तारा उलट क्रमाने लावून तिच्यातून असे काही आवाज काढले की वाद्याची व्याख्याच विस्तारली. जी शिट्टी टाळण्यासाठी भरीव गिटार जन्माला आली, तीच शिट्टी हेंड्रिक्स मुद्दाम काढून तिचा स्वर म्हणून उपयोग करीत होते.

तोवर लिओ मात्र आपल्याच कंपनीतून बाहेर पडले होते. पन्नासच्या दशकाच्या मध्यापासून एका चिवट जंतुसंसर्गाने त्यांना जर्जर केले होते. आपण फार काळ जगणार नाही, अशी त्यांची समजूत झाली होती. कंपनी पंधरा लाख डॉलरला घेण्याविषयी त्यांनी डॉन रँडल यांना विचारले होते, असे सांगितले जाते. रँडल यांनी मोठा ग्राहक शोधला आणि जानेवारी १९६५ मध्ये सीबीएस या बलाढ्य प्रसारण कंपनीने एक कोटी तीस लाख डॉलर मोजून फेंडर कंपनी विकत घेतली. करारानुसार लिओ यांना काही वर्षे या व्यवसायात स्पर्धा करण्यास मनाई होती. नशिबाचा खेळ असा की, विक्रीनंतर काही काळाने नवे डॉक्टर भेटले, प्रतिजैविकांचा मोठा उपचार झाला आणि लिओ ठणठणीत बरे झाले. प्रकृती परत मिळाली, पण कंपनी गेली होती आणि तिच्याबरोबर वाद्यावर लिहायचे स्वतःचे नावही गेले होते.

नव्या मालकांच्या काळात उत्पादन वाढले, पण दर्जा घसरल्याची ओरड सुरू झाली. १९७१ मध्ये स्ट्रॅटोकास्टरच्या मानेचे चार स्क्रू तीनवर आले. मानेचा कोन सहज बदलता यावा यासाठीची ही यंत्रणा खुद्द लिओ यांच्याच कल्पनेतून आली होती. तथापि कारखान्यात धडाचा खाचा सैल कापला जाऊ लागल्याने मान हलते अशा तक्रारी येऊ लागल्या. १९६५ पूर्वीच्या गिटारींचा शोध सुरू झाला, तो याच काळात.

लिओ यांच्या मूळ रचनेची खरी कसोटी आता लागली. कंपनी चुकली तरी वादक असहाय नव्हता, कारण त्याच्या हातात स्क्रू-ड्रायव्हर होता. इंग्लंडचे गिटारवादक एरिक क्लॅप्टन यांनी १९७० मध्ये अमेरिकेतील नॅशव्हिल येथे एका दुकानातून अनेक जुन्या स्ट्रॅटोकास्टर स्वस्तात घेतल्या. काही मित्रांना दिल्या. उरलेल्या तीन गिटारींचे उत्तम तेवढे भाग निवडून त्यांतून एक काळी गिटार जुळविली. ब्लॅकी या नावाने ती विख्यात झाली आणि २००४ मध्ये व्यसनमुक्ती केंद्राच्या मदतीसाठी झालेल्या लिलावात तिला नऊ लाख एकोणसाठ हजार पाचशे डॉलर मिळाले. सुट्या भागांची ती जुळणी त्या वेळी जगातील सर्वांत महाग गिटार ठरली.

हळूहळू बदली भाग बनविणारे छोटे कारखानेच उभे राहिले. शेक्टर ही कंपनी १९७६ मध्ये याच कामातून सुरू झाली. त्याच सुमारास कॅलिफोर्नियातील एडी व्हॅन हेलन या तरुणाने पन्नास डॉलरचे धड आणि ऐंशी डॉलरची मान विकत घेतली. फेंडरच्या एकपदरी पिकअपमधून येणारी गुणगुण त्याला नको होती. म्हणून दुसऱ्या एका गिब्सन गिटारमधला दुहेरी वेढ्यांचा पिकअप त्याने काढला, पटाशीने धडातील जागा मोठी केली आणि तो तेथे बसविला. बाजारात मिळत नव्हती ती गिटार त्याने स्वतः जुळविली आणि १९७८ च्या पहिल्याच ध्वनिमुद्रिकेत तिच्या आवाजाने साऱ्यांना थक्क केले.

अशी जुळणी करणारा आजचा हौशी कारागीर काय करतो ते पाहण्यासारखे आहे. मानेच्या टोकाची रुंदी सुमारे ५६ मिलिमीटर आणि तारेची मोजणीची लांबी साडेपंचवीस इंच, ही लिओ यांच्या कारखान्यातील मापे आता या धंद्याची अलिखित प्रमाणे झाली आहेत. त्यामुळे एकाचे धड दुसऱ्याच्या मानेला चालते. मग लाकूड अॅश घ्यायचे की हलके अल्डर, मानेची पाठ जाड हवी की पातळ, पिकअपचे वेढे किती, हे सारे वादक आपल्या हाताला आणि कानाला विचारून ठरवितो. वायरींना कथलाचे डाग देतो. शेवटी प्रत्येक तारेची घोडी केसभर पुढे-मागे करीत, बाराव्या पडद्यावरचा स्वर मोकळ्या तारेच्या बरोबर दुप्पट उंचीचा लागेपर्यंत बसून राहतो. मान खाच्यात किंचित तिरकी बसली तर कडेची तार पडद्यावरून घसरते. महागडे भाग एकत्र आणले म्हणजे चांगली गिटार होतेच असे नाही. भाग परस्परांशी किती घट्ट आणि सरळ बसले, यावर सारे अवलंबून असते.

लिओ हे सारे दुरून पाहत नव्हते. कराराची मुदत संपताच १९७५ मध्ये ते म्युझिक मॅन कंपनीचे अध्यक्ष झाले आणि पुढच्याच वर्षी स्टिंगरे हा गाजलेला बास बाजारात आला. तेथेही मतभेद झाले. १९७९ मध्ये एस्थर यांचे कर्करोगाने निधन झाले. पंचेचाळीस वर्षांची साथ सुटली. सत्तरीला आलेल्या, पैशाला काहीही कमी नसलेल्या माणसाने यानंतर निवृत्त व्हावे, असेच कोणीही म्हटले असते. लिओ यांनी त्याच वर्षी जुने सहकारी जॉर्ज फुलर्टन यांच्यासह नवा कारखाना काढला. फेंडर हे आडनाव वापरण्याचा अधिकार नव्हता. म्हणून कंपनीचे नाव ठेवले जी अँड एल, म्हणजे जॉर्ज आणि लिओ. फुलर्टन गावातील ज्या रस्त्यावर हा कारखाना होता त्याचे नाव मात्र फेंडर अॅव्हेन्यू होते. रस्त्याच्या पाटीवर जे नाव चालत होते, ते त्या माणसाने बनविलेल्या गिटारवर चालत नव्हते.

१९८० मध्ये फिलिस यांच्याशी त्यांनी दुसरा विवाह केला. फेंडर कंपनीचेही दैव पालटले. १९८५ मध्ये बिल शुल्ट्झ यांच्या नेतृत्वाखाली कंपनीतीलच अधिकाऱ्यांनी व सहकाऱ्यांनी ती सीबीएसकडून एक कोटी पंचवीस लाख डॉलरना विकत घेतली. वीस वर्षांपूर्वीच्या किमतीपेक्षाही ही रक्कम कमी होती. फुलर्टनचा कारखाना या सौद्यात नव्हता. नाव, आराखडे आणि शिल्लक राहिलेले सुटे भाग एवढ्यावर नव्या मालकांनी पुन्हा सुरुवात केली. १९८७ मध्ये त्यांनी वादकाच्या मागणीनुसार निवडक भागांची गिटार बनवून देणारा खास विभाग काढला. वादक घरच्या टेबलावर जे करीत होते, ते कंपनीने अधिकृतपणे स्वीकारले.

पार्किन्सनच्या आजाराने हात थरथरू लागले, तरी लिओ रोज आपल्या टेबलापाशी येत राहिले. आपण आधी बनविलेल्या गिटारी अपुऱ्या होत्या आणि आताची रचना अधिक चांगली आहे, अशी त्यांची प्रामाणिक धारणा होती. जग जुन्या स्ट्रॅटोकास्टरची पूजा बांधत असताना तिचा निर्माता तिच्यातील दोष दूर करण्यात गुंतला होता. मृत्यूच्या आदल्या दिवसापर्यंत त्यांनी काम केले. २१ मार्च १९९१ रोजी, वयाच्या ८१ व्या वर्षी, फुलर्टनमध्येच त्यांचे निधन झाले. पुढच्या वर्षी रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने त्यांना सन्मानाने आपल्यात सामावून घेतले. एकही मैफल न केलेल्या माणसाला वादकांच्या पंक्तीत मिळालेले हे स्थान होते.

लिओ फेंडर यांना स्वतःचे नाव विकावे लागले आणि आयुष्याची शेवटची वर्षे स्वतःच्याच नावाशी स्पर्धा करण्यात घालवावी लागली, ही त्यांच्या चरित्रातील खंत खरीच. पण त्यांनी गिटारच अशी घडविली होती की ती कोणा एका हातावर, एका कंपनीवर, खुद्द लिओ यांच्यावरही अवलंबून राहू नये. कंपनी घसरली तेव्हा वादकांनी ती सांभाळली. लिओ गेले तरी ती दुरुस्त होत राहिली. तेरा वर्षांच्या मुलाला मामाने सुट्या भागांचे खोके पाठविले होते. त्या मुलाने पुढे तसेच खोके जगातल्या प्रत्येक गिटारवादकाच्या हाती दिले.